बावीस मिनिटांत आलेलं मत

हयवदन अण्णांचं मत बावीस मिनिटांत आलं आणि मी ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या एक गोल गिरकी घेतली. सहा वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. अण्णांचं मत यायचं ते तिसऱ्या दिवशी, मुदत संपायला तासभर उरलेला असताना, आणि सोबत पानभर पुराण घेऊन. या वेळी एकच ओळ होती. ‘प्लस वन. हयवदन.’ मला वाटलं, चला, सुधारले एकदाचे.

ही सुधारणा माझ्यामुळे झाली होती, हेही मला ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी मीच एक प्रस्ताव लिहिला होता: हयवदन राव यांना मानद सदस्य करावं, म्हणजे त्यांचं नाव यादीत मानानं राहील, पण मत देण्याचा हक्क राहणार नाही. मराठीत याला हार घालून घरी पाठवणं म्हणतात. त्यावर निर्णय व्हायचा होता तो चार-शून्य बाहेर पडल्यावर.

चार-शून्य म्हणजे काय ते सांगते. मी शाल्मली, मूळची नागपूरची, अकरा वर्षांपासून बेंगळुरूत, घर बोम्मसंद्र्याला. नोकरी विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरची. नोकरीबाहेरचा उद्योग म्हणजे ट्रॉवेल. जावामध्ये लिहिलेल्या कुठल्याही मोठ्या प्रोग्रामचे शेकडो तुकडे असतात. ते योग्य क्रमानं लावायचे, बाहेरचे लागतील ते आणायचे, सगळं तपासायचं आणि शेवटी एक बंद पेटी करून द्यायची, हे काम ट्रॉवेल करतं. ते फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही, आणि आम्ही सात जण, तिघं बेंगळुरूतले आणि चौघं जगभरचे, ते सांभाळतो. आई याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणते. भाकरी करपली तर शिव्या मात्र आम्हालाच पडतात.

त्या सातांमध्ये मी रिलीज मॅनेजर. ट्रॉवेलची नवी आवृत्ती, या वेळची चार-शून्य, तयार झाली की मी तिची पेटी बांधते, तिच्यावर माझी सही करते आणि ती एका तात्पुरत्या जागी ठेवते. मग सगळ्यांना पत्र जातं: या, बघा, मत द्या. बहात्तर तास मुदत. निदान तीन जणांनी ‘प्लस वन’ म्हटलं की मी बटण दाबते आणि पेटी जगाच्या मोठ्या कोठारात जाते. तिथून ती परत काढता येत नाही. बदलताही येत नाही. चूक निघाली तर ती तिथेच, आपल्या सहीसकट, कायमची राहते, आणि तोपर्यंत हजारो जणांनी ती उचललेली असते.

अण्णा त्या सातांतले एकटेच असे, ज्यांनी ट्रॉवेलसाठी एक ओळही लिहिलेली नाही. ते एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. पंपाच्या झडपा बनायच्या, त्या गाडीत चढण्याआधी अण्णांच्या हाताखालून जायच्या, आणि अण्णांचा छाप बसल्याशिवाय एकही जायची नाही. निवृत्तीच्या आधी कारखान्यात संगणकाचं काम सुरू झालं, त्यात ट्रॉवेल होतं, आणि अण्णांनी त्यातही खोट काढली. मग आणखी एक काढली. त्यांच्या तक्रारी इतक्या बारीक आणि इतक्या खऱ्या असायच्या, की शेवटी जुन्या मंडळींनी त्यांना आत घेतलं.

त्यांची तपासायची रीत आम्हा साऱ्यांत थट्टेचा विषय होती. तिला ते ‘मडी’ म्हणत. मडी म्हणजे आपलं सोवळं. आमच्या सगळ्यांच्या मशीनवर मागच्या कामांचा पसारा असतो. एकदा आणलेले तुकडे तिथेच पडून राहतात आणि पुढच्या वेळी तेच वापरले जातात, म्हणून काम पटकन होतं. अण्णांना तो पसारा चालायचा नाही. प्रत्येक रिलीजला ते मशीन पुसून कोरं करत, सगळे तुकडे नव्यानं आणत आणि नवी पेटी पहिल्यापासून बांधून बघत. त्यांचं मशीन जुनं. त्याला चार तास लागायचे. मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

मला अण्णांचा राग नव्हता, असं म्हणणं खोटं ठरेल. मागच्या रिलीजला एकाहत्तराव्या तासाला त्यांनी मायनस वन दिलं होतं, कारण काय, तर एका फायलीच्या तळाशी साल जुनं राहिलं होतं. नियमानं मला ते बाजूला सारून पुढे जाता आलं असतं. पण अण्णांनी नकार दिल्यावर पुढे जायची छाती कुणाची होत नाही. मी पेटी पुन्हा बांधली, पुन्हा बहात्तर तास थांबले, आणि त्या तीन दिवसांत माझा पारा उतरला नाही. आणि आता तर जावाची नवी आवृत्ती आलेली, जुनं ट्रॉवेल तिच्यावर चालेना, रोज वीस जण विचारत होते, चार-शून्य कधी? अशा वेळी पुन्हा एकदा साल, स्वल्पविराम आणि सोवळं मला नको होतं.

म्हणून मी प्रस्ताव लिहिला. मेट्रोत बसून, दोन स्टेशनांच्या मध्ये, बऱ्यापैकी गोड भाषेत. तो सातांच्या यादीवर, म्हणजे एकदम सगळ्यांना जाणाऱ्या पत्रानं, गेला आणि अण्णा त्या सातांपैकीच, म्हणजे त्यांनाही मिळाला. चोरून काही केलं नाही, असं मी मनाला समजावलं. आधी फोन करावा, असं एकदा मनात आलं होतं. तेवढ्यात माझं स्टेशन आलं.

अण्णांचं काही उत्तर आलं नाही.

तर तो शुक्रवार. सकाळी दहाला मी मतदान उघडलं. दहा-पाचला यशोवर्धनचं प्लस वन आलं. हा आमच्यातला पुण्याचा, राहतो देवनहळ्ळीकडे. मग पोलंडचं, मग ब्राझीलचं, आणि दहा-बावीसला अण्णांचं. लगेच यशोवर्धनचा फोन आला.

“अगं, तुझं प्रपोझल इतकं इफेक्टिव्ह असेल असं वाटलं नव्हतं! अण्णा बावीस मिनिटांत? रेकॉर्ड आहे हे!”

“मग! सरळ बोटानं तूप निघत नसेल तर काय करायचं?” मी म्हटलं, आणि दोघंही हसलो.

दुपारी डबा खाताना मी ते पत्र पुन्हा उघडलं. का उघडलं ते माहीत नाही. बहुधा पुन्हा एकदा खूश व्हायला. ‘प्लस वन. हयवदन.’ अण्णांच्या जुन्या पत्रांत सगळं असायचं: मशीन कुठलं, मडी किती वाजता सुरू केली, वीज किती वेळा गेली, कोणता तुकडा कुठून आला, कुठे काय खटकलं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला दुसरा उद्योग नाही. आता त्या एका ओळीकडे बघताना मला कळलं की चार तासांचं काम बावीस मिनिटांत होत नाही. अण्णांनी पेटी उघडलीच नव्हती.

मग मी बाकीची मतं पाहिली. यशोवर्धनला पाच मिनिटं लागली होती. पोलंडला नऊ. ब्राझीलला पंधरा. कुणीही काही पाहिलं नव्हतं, आणि माझ्या जागी कुणी दुसरा रिलीज मॅनेजर असता तर मीही पाहिलं नसतं. सहा वर्षं आम्ही सगळे असेच पटापट मतं देत आलो होतो, कारण तिसऱ्या दिवशी अण्णांचं पत्र येणार हे ठरलेलं असायचं. आमच्या घाईला त्यांच्या सावकाशीचा आधार होता, आणि तो आधार मी स्वतः काढून घेतला होता. मी डबा बंद केला.

अण्णांना फोन लावला. त्यांची बायको गोदूबाई, त्यांना मी अक्का म्हणते, त्यांनी उचलला.

“निजलेत बा,” त्या म्हणाल्या.

दुपारचा एक वाजला होता. अण्णा दुपारी तीनच्या आत कधी आडवे होत नाहीत. पण मी “बरं” म्हणून फोन ठेवला.

शनिवारी मला एक युक्ती सुचली. आपणच मडी करावी. घरचा लॅपटॉप मी पुसून कोरा केला, सगळं नव्यानं आणलं, पेटी पहिल्यापासून बांधली. माझं मशीन नवं, घरातलं इंटरनेट धावतं, पन्नास मिनिटांत काम झालं. तीन हजार चाचण्या, सगळ्या हिरव्या. एकही खोट नाही. मी मुद्दाम सालंसुद्धा तपासली. सालंही बरोबर होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला आणि त्यात थोडा दुष्टपणा होता. म्हणजे अण्णांशिवाय भागतं तर. त्यांची रीत आम्ही उचलू, एखाद्या मशीनला नेमून देऊ, आणि अण्णा मानद होऊन काफी पीत बसतील. प्रस्ताव बरोबरच होता. एवढं सगळं नीट जुळल्यावर मला शांत झोप यायला हवी होती. आली नाही.

रविवारी सकाळी मी बोम्मसंद्र्याहून मेट्रो पकडली, आर. व्ही. रोडला बदलली, मार्केटला उतरून रिक्षा केली आणि चामराजपेटेत अण्णांच्या दारात उभी राहिले. मतदान सोमवारी सकाळी दहाला संपणार होतं. अण्णांना काय सांगायचं ते मी वाटेत दोनदा ठरवलं होतं आणि दोन्ही वेळा ते लबाडीचं वाटलं होतं.

अक्कांनी दार उघडलं. “अय्यो, शाल्मली! ये बा, आत ये. फोन तरी करायचास.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आलीस ते बरं केलंस. बारा दिवस झाले, त्या टेबलाकडं फिरकले नाहीत. विचारलं तर म्हणतात, साकु, पुरे झालं.”

बाहेरच्या खोलीत खिडकीशी अण्णांचं टेबल होतं. मशीनवर स्वच्छ पांढरा पंचा घातलेला होता. अण्णा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर हातात धरून बसले होते. एकाहत्तरीचे, उंच, ताठ. मला बघून उठले.

“ये. बस. स्वल्प काफी घे.”

काफी आली. हवापाणी झालं, नव्या मेट्रोचं झालं, माझ्या आईच्या गुडघ्याचं झालं. अण्णा माझ्याशी अगदी नीट वागत होते, आणि त्याचाच मला त्रास होत होता. चिडले असते तर मीही चिडले असते. ते मला जमतं.

“अण्णा,” मी शेवटी म्हटलं, “तुम्ही पेटी पाहिली नाही.”

“मत दिलं की.”

“दिलं हो. पण पाहिलं नाही.”

अण्णांनी पेपराची घडी केली, मग आणखी एक घडी केली. “तुम्हाला लवकर हवं होतं. लवकर दिलं. सरी, बरोबर झालं की नाही?”

“नाही झालं,” मी म्हटलं. “मी काल स्वतः मडी केली. सगळं नीट निघालं. तरी मला बटण दाबायची भीती वाटते.”

“नीट निघालं तर भीती कसली?”

“तुम्ही पाहिलं नाही, त्याची.”

हे बोलून झाल्यावर मला कळलं की एवढं एकच वाक्य बोलायला मी इतक्या लांब आले होते. खिडकीबाहेर फुलवाली ओरडत गेली. स्वयंपाकघरात अक्कांचा भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्या ऐकत होत्या.

मग अण्णा उठले, टेबलापाशी गेले आणि मशीनवरचा पंचा काढून घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. “चार तास लागतात,” ते म्हणाले. “तुला ऊट इथंच करावं लागेल.”

“करते की,” मी म्हटलं. ऊट म्हणजे जेवण, एवढं कन्नड पोटानं मला कधीच शिकवलं होतं.

अकराला मडी सुरू झाली. अण्णांनी आधी सगळं पुसलं, पुसल्याची खात्री केली, मग एका वहीत वेळ लिहिली. पडद्यावरची अक्षरं बघून मला गंमत वाटली. मशीन पूर्ण मराठीत होतं. तारीख मराठीत, वार मराठीत, खाली कोपऱ्यात घड्याळाचे आकडेसुद्धा मराठीत.

“हे मराठीत कधी केलंत?”

“पहिल्या दिवसापासून आहे. कारखान्यात कन्नड, बँकेत इंग्रजी. घरात मराठी बोलायची, आमच्याकडं तीनशे वर्षं हेच आहे. यंत्र घरात आहे ना? मग त्यालाही तेच.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “का? तुझं नाही?”

माझं नव्हतं. मी नागपूरची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि मशीन मराठीत करता येतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी काफीचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

एक वाजता सारू-भात, कोसंबरी आणि कैरीचं लोणचं जेवलो. अक्का वाढताना म्हणाल्या, “यांचं हे असंच. लग्न ठरताना मला बघायला तीनदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझे वडील म्हणाले, पोरगी तीच आहे हो, बदलली नाही.” अण्णा मान खाली घालून भात कालवत राहिले, पण त्यांचे कान हसत होते. जेवणानंतर अक्का आत कलंडल्या. अण्णा आणि मी पडद्यापुढे बसलो. तुकडे एकेक करून येत होते, चाचण्या एकेक करून हिरव्या होत होत्या. मी घाई न करता इतका वेळ एका जागी शेवटची कधी बसले होते, ते मला आठवेना. बरं वाटत होतं.

तीनला दहा मिनिटं असताना मशीन थांबलं. सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या, पेटी बांधून झाली होती, आणि अगदी शेवटच्या पायरीवर लाल ओळ आली: पेटी सापडत नाही.

“सापडत नाही कशी? आत्ताच तर बांधली!” मी अण्णांना जवळजवळ ढकलूनच पुढे झाले. ज्या जागी पेटी हवी, ती जागा उघडली. पेटी होती. मग तिचं नाव वाचलं.

हवं होतं 4.0.0. पेटीवर होतं ४.०.०.

मी पेटीला नाव देणारी ओळ उघडली. मग मला सगळं समजलं. पेटीच्या नावात आवृत्तीचा आकडा घालायची एक ओळ चार-शून्यमध्ये नव्यानं आली होती. त्या ओळीत आकडे कुठल्या भाषेत लिहायचे ते सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगितलं तर जावा मशीनची भाषा घेतं. इंग्रजी मशीनवर इंग्रजी आकडे, मराठीवर मराठी. पुढची पायरी इंग्रजी आकड्यांची पेटी शोधत होती, ती मिळणार कुठून? कन्नड मशीनवर हे झालं नसतं, कन्नडसाठी जावा साधेच आकडे धरतं. मराठीवर होणार, नेपाळीवर होणार, बंगालीवर होणार. काठमांडूत, ढाक्यात, नाशकात ज्यानं कुणी आपलं मशीन आपल्या भाषेत ठेवलं असेल, त्याचं काम उद्या सकाळी दहानंतर बंद पडणार होतं.

“ही ओळ कुणाची?” अण्णांनी विचारलं.

“माझी,” मी म्हटलं.

अण्णा हसले नाहीत. मीच हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाचीही मडी, कुणाचंही नवं मशीन ही खोट पकडू शकलं नसतं. मी ज्याला पसारा म्हणून बाहेर काढायला निघाले होते, तो माणूस आणि त्याचं हे घरातलं यंत्र तेवढं पकडू शकलं. आणि त्यालाही मी तपासण्यापासून थांबवलं होतं.

“अण्णा, तुम्ही सापडवलंत. मी यादीवर तसं लिहिते.”

“बेड,” अण्णा ताडकन म्हणाले. नको. “खोटं लिहू नको. मी सापडवलं नाही. मी पास केलं होतं.” त्यांनी वही जवळ ओढली. “एकतीस वर्षं, अम्मा. एक झडप न बघता सोडली नाही. ताप असताना गेलो, वडील गेले त्याच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी गेलो. आणि शुक्रवारी रागानं छाप मारला. घरात बसून, फोनवरून. कुणी मागं लागलं नव्हतं.” त्यांचा आवाज तसाच सपाट होता, पण हात टेबलाची कड घट्ट धरून होते. “ते मीच लिहितो.”

त्यांनी लिहिलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर बघून. शुक्रवारी मी न तपासता मत दिलं, ती माझी चूक. आज तपासलं. मायनस वन. खाली कारण, मशीन, वेळ, वीज एकदाही गेली नाही हेसुद्धा. रागाबद्दल एक शब्द नव्हता. प्रस्तावाबद्दल नव्हता. माझ्याबद्दल नव्हता.

ते मला सोसवेना. मी माझं पत्र फोनवरून लिहिलं. मतदान रद्द करत आहे. चूक माझ्या ओळीत आहे, दुरुस्त करून नवी पेटी बांधते. आणि हयवदन यांनी शुक्रवारी तपासलं नाही त्याचं कारण मी आहे. सहा वर्षं जे काम आपल्यापैकी कुणी केलं नाही ते करणाऱ्याला मी अडथळा म्हटलं होतं. पाठवायच्या आधी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं आणि फोन परत दिला. मी पाठवून टाकलं. पाच मिनिटांत यशोवर्धनचा निरोप आला: ‘शिट. मी पण बघितलं नव्हतं गं.’

“आणि तो प्रस्तावही मागे घेते,” मी म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? आत्ता जे झालं त्यावरून...”

“म्हणजे आज खोट सापडली म्हणून मी राहायचं,” अण्णा म्हणाले. “आणि सापडली नसती तर?”

काल माझ्या मशीनवर सगळं हिरवं निघालं तेव्हा मला काय वाटलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं.

अण्णा खिडकीबाहेर बघत बोलू लागले. “प्रस्तावात चूक काही नव्हतं. मी ओळ लिहीत नाही. वेळ लावतो. डोळेही पहिल्यासारखे नाहीत. सगळं खरं आहे. तू मला विचारलं असतंस ना, तर मीच म्हटलं असतं, आय्तु, झालं, घे माझं नाव काढून. हसत म्हटलं असतं.” मग माझ्याकडे वळले. “पण मी ते सहा जणांबरोबर यादीवर वाचलं. गोदूला वाचून दाखवत होतो, तुमचं पत्र आलं की दाखवतो तिला. अर्ध्यात थांबलो.”

दारात अक्का उभ्या होत्या, दुपारची काफी घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर पेल्यांवर वळवली. मला लाज वाटली. आयुष्यात फार कमी वेळा वाटते, त्यामुळे ती कशी असते हे मला नीट कळलं.

“चुकलं माझं, अण्णा,” मी म्हटलं. “फोन करायला हवा होता. घरी यायला हवं होतं.”

“हं.”

“आता विचारू?”

अण्णांनी थोडा विचार केला. “विचार.”

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवून नीट बसले. हात मांडीवर ठेवले. मी हे गमतीनं विचारत नव्हते, आणि त्यांना ते कळावं असं मला वाटत होतं. उत्तर ‘हो’ आलं असतं तर मला ते मानावं लागणार होतं, आणि नव्या पेटीवर त्यांचं मत नसणार होतं.

“अण्णा, आमच्या सातांमध्ये तुमचा जो मताचा हक्क आहे, तो तुम्ही सोडाल का?”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, उजेडात धरून बघितल्या, एक पुन्हा पुसली. अक्का पेले हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. काफीवर साय धरायला लागली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला घाई केली नाही.

“नाही,” अण्णा म्हणाले.